दुःखारोपण

निकाल वाचला जात होता तेव्हा धीरज जगदाळे कोर्टाच्या पंख्याकडं बघत उभा होता.

त्रिशलाबाई आरवाडेंना त्या दिवसातलं पुढं फारसं काही आठवलं नाही, पण एवढं मात्र पक्कं आठवलं. त्या आणि त्यांचे यजमान अण्णा दुसऱ्या बाकावर बसले होते, शेजारी सून स्नेहल. सरकारी वकिलांनी सगळी हकिगत पुन्हा एकदा सांगितली. मिरजेच्या अलीकडं हमरस्त्यावरचं चार्जिंग स्टेशन, संध्याकाळची गर्दी, रांगेत कोणाची गाडी आधी यावरून सुरू झालेली बाचाबाची, आणि मग धीरजनं आपल्या टेम्पोतून काढलेला लोखंडी पान्हा. एकच घाव. त्रिशलाबाईंचा मुलगा सन्मती आरवाडे, वय एकतीस, हळदीच्या कारखान्यात इंजिनिअर, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलेला होता. हे सगळं चाललेलं असताना तो तेवीस वर्षांचा पोरगा वर बघत होता. पंखा अडखळत फिरत होता, आणि तो बंद पडतोय की काय एवढीच जणू त्याला काळजी होती.

जन्मठेप झाली. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना अण्णा म्हणाले, "फाशीच व्हायला पाहिजे होती."

"फाशीनं काय झालं असतं?" त्रिशलाबाई म्हणाल्या. "सुटला असता दोन मिनिटांत. आपण काय केलंय ते त्याला अजून कळलेलंच नाही, अहो. पंख्याकडं बघत होता तो."

त्या वर्षी राज्यात एक नवा कायदा आला होता. कागदोपत्री त्याचं नाव संवेदन-प्रतिरोपण कायदा असं लांबलचक होतं. वर्तमानपत्रांनी त्याचं 'दुःखारोपण' करून टाकलं होतं. मृताच्या घरातल्या एका माणसाचं दुःख यंत्रानं टिपून घ्यायचं आणि ते गुन्हेगाराच्या मेंदूत रुजवायचं. गुन्हेगार कबूल झाला तर त्याची जन्मठेप दहा वर्षांवर येई. याला कोणी सुधारणा म्हणत, कोणी छळ म्हणत, टीव्हीवर रोज दोन्ही बाजूंची माणसं तावातावानं बोलत. त्रिशलाबाईंना त्या वादाशी देणंघेणं नव्हतं. आपल्या आत जे चाललंय ते त्या पोराच्या आत चालायला हवं, एवढंच त्यांना हवं होतं.

"म्हणजे दहा वर्षांत तो बाहेर?" अण्णांनी विचारलं.

"पण ती दहा वर्षं तो आपल्यासारखी काढेल."

"मला नाही पटत. कायमचा आत राहू दे."

स्नेहलला विचारलं तर तिनं मान हलवली. "माझं दुःख मी कुणाला देणार नाही, आई. त्याला तर मुळीच नाही." ती उठून लेकीला झोपवायला आत गेली. शेवटी त्रिशलाबाईंनी एकटीनंच अर्ज केला. धीरजच्या वकिलानं त्याच्याकडून होकार आणला. त्याला ती वर्षं कमी होणं एवढंच दिसत असणार.

कोल्हापूरच्या केंद्रात डॉक्टर मृण्मयी केळुसकर भेटल्या. चाळिशीच्या, आवाजानं मऊ. त्रिशलाबाईंनी मुलींच्या शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं होतं, मेंदूची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढली असती. ते कळल्यावर डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली.

"बाई, दुःख मेंदूत एका जागी साठवलेलं नसतं," त्या म्हणाल्या. "मुलाची आठवण आली की तुमच्या मेंदूत पेशींचे असंख्य गट एका ठराविक क्रमानं जागे होतात. आधी हा, मग तो, मग दोन्ही मिळून. गाण्याची चाल असते ना, तसं. हे शिरस्त्राण त्या पेशींभोवतीचं अगदी बारीक चुंबकीय क्षेत्र मोजतं आणि ती चाल लिहून घेतं."

"आणि त्याच्या डोक्यात कशी घालता?"

"त्याला एक औषध देतो. त्यानं पेशींमधले जोड थोडा वेळ सैल होतात, ओल्या मातीसारखे. मग कवटी न उघडता, ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी नेमक्या जागी सोडून तेच गट त्याच क्रमानं जागे करतो. दर आठवड्याला. काही महिन्यांत त्याचा मेंदू ती चाल शिकतो आणि आपली आपणच म्हणायला लागतो."

"म्हणजे सन्मती त्याला दिसेल?"

"नाही. चित्रं जात नाहीत. तुमचं घर, मुलाचा चेहरा, यातलं काही जात नाही. जाते ती ओढ. पण ओढ मोकळी राहत नाही, मेंदू तिला बांधायला काहीतरी शोधतोच. नाव त्याला ठाऊक आहे, खटल्यात त्यानं फोटो पाहिलेत. तो ती ओढ तिथं नेऊन बांधेल." डॉक्टर थोडं थांबल्या. "एक सांगायला हवं. आम्हाला निवडता येत नाही. दुःखात जे जे मिसळलेलं असेल ते सगळं जातं."

"माझ्या दुःखात काही मिसळलेलं नाही," त्रिशलाबाई म्हणाल्या.

त्यांनी सन्मतीचा एक शर्ट सोबत नेला होता. फोनवर त्याचा शेवटचा निरोप होता, "आई, येताना काय आणू?" एवढाच. तो त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवला गेला. लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तसं यंत्र घरघरत होतं. त्या रडल्या नाहीत. हाताची पालथी मूठ तोंडावर दाबून बसून राहिल्या.

दिवाळी झाल्यावर त्या पहिल्यांदा कोल्हापूरच्या तुरुंगात गेल्या. परिणाम बघायचा हक्क कायद्यानं घरच्यांना होता. अण्णांनी यायला नकार दिला होता.

धीरज वाळला होता. त्रिशलाबाईंना बघून तो उठून उभा राहिला, काही बोलायला गेला आणि त्याला बोलता येईना. मग तो रडायला लागला. आवाज न करता, पालथी मूठ तोंडावर दाबून, खांदे आत ओढून. ते रडणं त्रिशलाबाईंचं होतं. आरशात बघावं तसं त्या बघत राहिल्या. त्या परत आल्या आणि त्या रात्री, कितीतरी महिन्यांनी, त्यांना अन्न गोड लागलं. अण्णा त्यांच्या ताटाकडं बघत होते.

तिथंच थांबायचं ठरवलं होतं. पण महिना गेला आणि त्यांना पुन्हा जावंसं वाटलं. तो आणखी खचलेला बघायचा, असंच त्यांनी स्वतःला सांगितलं.

या खेपेला धीरज बोलला. "दिवेलागणीला मला बसवत नाही, मावशी. उठून दाराशी जातो. कोठडीचं दार, त्यात काय बघायचं. पण कान लागलेले असतात."

"कशाला?"

"कोणीतरी यायचंय असं वाटतं. आला की विचारायचं, जेवलास का." तो खाली बघत होता. "मला ठाऊक आहे कोण ते. मीच मारलंय त्याला. तरी वाट बघतो. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा होता, पण मला तो लहानच वाटतो. ऊन लागत असेल, घसा दुखत असेल, असले विचार येतात. हे असं असतं का?"

"असंच असतं," त्रिशलाबाई म्हणाल्या. या गोष्टीबद्दल त्या कोणाशी बोलल्या त्याला दीड वर्ष होत आलं होतं, हे त्यांना तेव्हा जाणवलं.

निघताना तो म्हणाला, "एक विचारू? तुम्ही त्याच्यावर रागावला होता का?"

त्या उठून बाहेर पडल्या. बसमध्येही तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना.

कारण ते खरं होतं. चार्जिंग स्टेशनवर पहिला हात सन्मतीनं उचलला होता. तो गाडीतून उतरला, टेम्पोपाशी गेला आणि त्यानं धीरजच्या कानाखाली वाजवली. कोर्टात एका साक्षीदारानं हे सांगितलं तेव्हा अण्णांनी तो साक्षीदार फितवलेला आहे असं ठरवून टाकलं आणि घरात तो विषय बंद झाला. पण त्रिशलाबाईंना आपला मुलगा ठाऊक होता. प्रेमळ, हसरा, आणि नाकाच्या शेंड्यावर राग. शाळेत असल्यापासून त्याची भांडणं त्यांनी मिटवली होती. बातमी कळली त्या क्षणी, किंकाळी फुटायच्या आधी, त्यांच्या मनात पहिलं आलं होतं ते हेच, की कशाला उतरलास गाडीतून? आईनं मेलेल्या मुलावर रागवावं हे त्यांना इतकं भयंकर वाटलं होतं की तो राग त्यांनी स्वतःलाही दाखवला नव्हता. यंत्रानं तो बरोबर टिपला होता.

पुढच्या खेपेला त्यांनी ते सांगून टाकलं. "होय, रागावले होते. अजून आहे. गाडीत बसून राहिला असता तर काय बिघडलं असतं?"

"मलापण रोज तेच वाटतं," धीरज म्हणाला. "उतरला नसता तर."

"आणि तू पान्हा घेतला नसतास तर."

"ते तर आहेच."

त्रिशलाबाईंच्या छातीवरचा दगड किंचित सरकला होता, आणि तो सरकवणारा माणूस समोर कैद्याच्या कपड्यात बसला होता. याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

त्या दर पंधरवड्याला जायला लागल्या. घरी सांगायचं, कोल्हापूरला अक्काकडं जाऊन येते. अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. घरात तसं विचारणारं कोणी उरलंही नव्हतं. स्नेहल पुण्याला नोकरी धरून लेकीला घेऊन गेली होती. त्यात तिची काही चूक नव्हती, तिला जगायचं होतं. अण्णा सकाळीच मार्केट यार्डातल्या अडत दुकानात जात, संध्याकाळी येत, बातम्या लावत. सन्मतीचा फोटो त्यांनी हॉलमधून काढून आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता. त्याचं नाव निघालं की उठून जायचे. भाद्रपदात क्षमावणीचा दिवस आला. वर्षभरात कळत नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा करा, असं म्हणत सगळा जैन समाज त्या दिवशी बस्तीत, म्हणजे देवळात, एकमेकांसमोर हात जोडतो. शेजारपाजारची माणसं आरवाड्यांच्या दारापर्यंत आली आणि दार बंद बघून परत गेली. आत दोघं दोन खोल्यांत बसून होते.

तिकडं तुरुंगात मात्र त्रिशलाबाई सन्मतीबद्दल बोलत. तो दहावीत असताना कसा आजारी पडला होता, लग्नात हार घालताना कसा अडखळला होता. धीरजला यातलं काही माहीत नव्हतं, पण ऐकताना त्याचा चेहरा नेमका जिथं हलायला हवा तिथं हलायचा. त्यांनी अर्धं वाक्य बोलावं आणि पुढचं त्याच्या डोळ्यांत दिसावं.

एक दिवस अक्कानंच घरी फोन केला. अण्णांनी उचलला. "त्रिशला किती महिन्यांत फिरकली नाही इकडं. बरी आहे ना?" असं तिनं सहज विचारलं.

त्रिशलाबाई बाजारातून आल्या तेव्हा अण्णा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. "कुठं जातेस?" त्यांनी विचारलं.

त्यांना खोटं बोलता आलं असतं. "त्याच्याकडं," त्या म्हणाल्या.

"अजून त्याला रडताना बघायचंय?"

"आधी त्यासाठी जात होते. आता आम्ही बोलतो. सन्मतीबद्दल."

अण्णांनी टेबलावरचा पेला उगाच इकडचा तिकडं केला. "दोन वर्षं होऊन गेली. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस तू त्याच्याबद्दल."

"तुम्ही बोलू कुठं देता? नाव काढलं की उठून जाता."

"म्हणून त्याच्याशी? ज्यानं मारलं त्याच्याशी?"

"त्याला कळतं, अहो. मला जसं आतून होतं ना, तसंच त्याला होतं. जगात दुसऱ्या कोणाला होत नाही."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. अण्णा उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि दारापाशी थांबले. "मी बाप नव्हतो का त्याचा?" ते म्हणाले, आणि दुकानात निघून गेले. त्यानंतर दोघांत फक्त कामापुरतं बोलणं राहिलं.

अशातच एका सकाळी फाटकापाशी एक बाई येऊन उभी राहिली. अंगात विटलेली छापील साडी, हातात कापडी पिशवी. अण्णांनी दार उघडलं.

"मी धीरजची आई," ती म्हणाली. "मंगल जगदाळे."

अण्णांचा हात कडीवरच राहिला. मग त्यांनी मागं वळून हाक मारली, "तुझ्याकडं आल्यात."

मंगल आत आली पण बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. "माफी मागाय आले न्हाई," ती म्हणाली. "ती मागून काय व्हनार. तुमचं पोरगं माझ्या पोरानं नेलं, ते कबूल. तुमी त्याच्या डोक्यात जे घातलं ते बी मी काय बोलले न्हाई. म्हनलं, भोगू दे."

"मग?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"त्यो मला वळखतो. आई म्हनतो. पर माझ्याकडं लेकरावानी बघत न्हाई आता. म्या डबा नेला तर म्हनतो, ठेवा तिथं. परवा माझं लई भरून आलं, रडाय लागले. तर माझ्या पाठीवरनं हात फिरवला आन् म्हनला, रडू नका, आपली पोरं अशी परत येत न्हाईत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बाई, मी त्याच्यासाठीच रडत हुते. आन् त्यो माझ्या म्होरंच बसला हुता."

दारातून अण्णा दोन पावलं आत आले.

"तुमचं पोरगं गेलं. माझं जित्तं असून गेलंय," मंगल म्हणाली. "ते कुनाकडं मागू म्हून हितं आले."

अण्णा आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. तो त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्यापुढं धरला. ती घटाघटा पाणी प्यायली, तिनं तांब्या खाली ठेवला आणि आली तशी गेली.

फाटक वाजल्यावर अण्णा म्हणाले, "त्याला कळलं पाहिजे म्हणाली होतीस. कळलं की. त्या बाईनं आपलं काय केलंय?" फाशीच पाहिजे होती म्हणणारा माणूस हे बोलत होता.

त्रिशलाबाईंनी डॉक्टर केळुसकरांना फोन केला. त्याही त्यांना फोन करणारच होत्या. "धीरजचं वजन फार उतरलंय," त्या म्हणाल्या. "काम सोडलंय, इतर कैद्यांशी बोलत नाही. आणि दुसरं म्हणजे, पाऊलवाट वापरून वापरून रस्ता होतो तसं ते आता पक्कं व्हायला लागलंय. उन्हाळा संपेपर्यंत काढता येईल. ज्या पद्धतीनं रुजवलं त्याच पद्धतीनं. त्यानंतर कोणालाच काढता येणार नाही. त्याची शिक्षा दहा वर्षांचीच राहील, पण कायद्यानं संमती तुमची लागते, बाई. दुःख तुमचं आहे."

"त्याचं काय म्हणणं?"

"तो नको म्हणतोय."

त्रिशलाबाईंनी फोन ठेवला. नको तर त्यांनाही होतं, आणि त्याचा सुडाशी काही संबंध नव्हता. धीरजच्या डोक्यातलं ते काढलं की सन्मतीची वाट बघणारं या जगात त्यांच्याशिवाय कोणी उरणार नव्हतं. आपण एकट्या पडू नये म्हणून एका जिवंत पोराला त्याच्या आईपासून तोडून ठेवायला आपण तयार आहोत, हे त्यांना स्वच्छ दिसलं. त्याची त्यांना भीती वाटली.

पुढच्या भेटीत धीरजनं त्यांना बघताच सांगितलं, "काढायचं नाही, मावशी."

"का?"

"काढल्यावर मी कोण उरतो? एका माणसाला पान्ह्यानं मारलेला गुन्हेगार. आत्ता निदान त्याच्यासाठी रडणारा तरी आहे."

"ते रडणं माझं आहे, धीरज."

"ठाऊक आहे."

"तू सांभाळलंस. आता परत दे." त्या पुढं झुकल्या. "तुझी आई आली होती घरी. तिला तिचा मुलगा पाहिजे. माझा नाही."

त्यानं पालथी मूठ तोंडाशी नेली. "भीती वाटते," तो शेवटी म्हणाला.

"मलापण," त्रिशलाबाई म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांनी केंद्रात जाऊन संमतीवर सही केली.

सगळं निघायला बरेच आठवडे लागले. तोवर भेटायला मनाई होती. ती उठल्याचं कळलं त्या सकाळी त्रिशलाबाई चप्पल घालत असताना अण्णा गाडीची किल्ली घेऊन बाहेर आले. "बसनं कशाला जातेस?" एवढंच म्हणाले. तुरुंगाच्या बाहेर लिंबाच्या सावलीत त्यांनी गाडी लावली. "मी इथंच आहे. मला आत यायचं नाही."

भेटीच्या खोलीत जो पोरगा बसला होता त्याला त्रिशलाबाई आधी कधी भेटल्याच नव्हत्या. अंगानं थोडा भरलेला, नजर चुकवणारा, हात कुठं ठेवावे ते न कळणारा. तो "बसा" म्हणाला, तेही परक्या माणसाला म्हणावं तसं.

"कसा आहेस?"

"बरा आहे. जेवण जातंय." तो घुटमळला. "मी तुमच्यापुढं रडायचो ते आठवतं. कशासाठी तेही ठाऊक आहे. पण आत काही हलत नाही आता. तुम्ही मागं सांगितलेलं सगळं लक्षात आहे, पण कोणाच्या तरी गावची गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं."

असंच होणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी त्रिशलाबाईंना आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. ज्याच्यापाशी सन्मती होता तो माणूस गेला होता. थांबण्यात अर्थ नव्हता. त्या उठल्या.

"थांबा, मावशी," धीरज म्हणाला. "मला एक सांगायचंय. तुमच्याएवढं वाईट मला आता वाटत नाही. खोटं बोलत नाही, थोडंच वाटतं. पण एक गोष्ट दिसायला लागलीय. पान्हा लागल्यावर तो लगेच पडला नाही. त्यानं गाडीला धरायला हात पुढं केला. त्याला गाडी सापडेना, हात हवेतच फिरला. ते मला दिसतं. झोपेत दिसतं, जेवताना दिसतं." त्यानं पहिल्यांदाच त्यांच्याकडं सरळ बघितलं. "तुमचं दुःख होतं तेव्हा हे दिसत नव्हतं. तुम्ही तिथं नव्हताच ना. मी होतो. मी त्याच्यासाठी रडत होतो, पण मारणारा कोणी दुसराच आहे असं वाटायचं. आता तसं वाटत नाही."

त्रिशलाबाई उभ्याच होत्या. हवेत फिरणारा तो हात आता त्यांच्याही डोळ्यांपुढं आला होता आणि तो आता कधी जाणार नव्हता. या पोराच्या गळ्याला नख लावावं असं क्षणभर वाटलं. तो क्षण गेला. दोन वर्षं जे त्यांनी यंत्रानं घालून पाहिलं होतं ते हे नव्हतं. हे त्याच्यात आपलं आपण उगवलं होतं, एवढंसं होतं, आणि त्याचं स्वतःचं होतं.

"हे कुणाला देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "कोणी काढून देतो म्हणालं तरी."

"नाही देत."

"आईला भेटतोस?"

"येते ती. परवा भाकरी आणली होती, करपलेली. मी म्हटलं करपलीय, तर रडायलाच लागली." त्याला त्यात रडण्यासारखं काय होतं ते कळलेलं दिसत नव्हतं. त्रिशलाबाईंना कळलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा अण्णा गाडीला टेकून उभे होते. दोघं आत बसले. अण्णांनी गाडी चालू केली, पण हलवली नाही.

"काय म्हणाला?"

त्यांनी सगळं सांगितलं, हातासकट. अण्णा समोरच्या काचेतून बघत ऐकत राहिले. उठून गेले नाहीत. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं ते त्यांनी पुसलंही नाही.

"माफ केलंस त्याला?"

"नाही," त्रिशलाबाई म्हणाल्या. "होईल का तेही माहीत नाही. पण तो काय भोगतोय ते बघायला आता मला यायचं नाही."

अण्णांनी मान हलवली. गाडी रस्त्याला लागली. मग अण्णा एकदम म्हणाले, "सन्मती नदीत पोहायला शिकला ना, तेव्हा तुला काय सांगितलं होतं मी?"

"पहिल्याच दिवशी पलीकडं गेला म्हणून."

"कसला जातोय. घाटाच्या पायरीला धरून बसला. सोडायलाच तयार नाही. मी ओढला तर माझ्या हाताला चावला, आणि एवढा मोठ्यानं रडला की कपडे धुणाऱ्या बायका माझ्यावर ओरडल्या. परत येताना म्हणाला, आईला सांगू नका मी रडलो ते." अण्णांनी आरसा सरळ केला. "नव्हतं सांगितलं."

त्रिशलाबाई त्यांच्याकडं वळून बसल्या. हा सन्मती त्यांना ठाऊक नव्हता. त्यांच्या ओळखीच्या सन्मतीपेक्षा तो वेगळा होता, आणि इतकी वर्षं तो या माणसाच्या आत एकटाच राहत होता.

"चावला?" त्यांनी विचारलं.

"चांगला चावला. रक्त आलं."

"आणखी काय काय सांगितलं नाहीत मला?"

"पुष्कळ आहे," अण्णा म्हणाले.

"सांगा."

अण्णांनी गाडीचा वेग कमी केला आणि सांगायला सुरुवात केली. जयसिंगपूर मागं पडलं तरी ते बोलतच होते.